पहिल्या पावसात मेंढरं रातोरात का दगावतात?

संध्याकाळी पोटभर चरून वाड्यावर आलेलं, कळपातलं सर्वांत गुबगुबीत कोकरू सकाळी मान मागे ताणून मेलेलं सापडतं. कुणी म्हणतं पान लागलं, कुणी म्हणतं करणी. पावसाळ्याच्या तोंडावर असं घडलं, तर आधी संशय घ्यावा आंत्रविषाराचा.

'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स'च्या डी प्रकारचे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडेफार असतात. उन्हाळाभर वाळल्या काडीवर राहिलेल्या जनावराला एकाएकी कोवळं गवत किंवा धान्य भरपूर मिळालं, की ते झपाट्यानं वाढतात. त्यांचं विष रक्तात उतरतं आणि मेंदू, मूत्रपिंडांवर घाला घालतं. म्हणून चांगलं खाणारं पिल्लूच आधी जातं. झटके येतात, तोंडाला फेस येतो आणि काही तासांत सगळं संपतं. उपचाराला सवडच मिळत नाही.

खरा आधार लसीचा. ती पावसाआधी, मे महिन्यात टोचून घ्यावी. पहिल्यांदाच देत असाल, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवू नका; पुढे दरवर्षी एकदा. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी लस दिली, तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं. नव्या हिरव्या रानात सोडण्यापूर्वी थोडा वाळला चारा द्यावा.

मेलेल्या मेंढीच्या नाकातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल, तर तो आंत्रविषार नसून फाशी हा वेगळा रोग असू शकतो. हा रोग माणसालाही होतो. असं मेंढरू फाडू नका, सोलू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.