अमेरिकन ग्राहक ‘बॉलपार्क’ मागतो, तेव्हा त्याला काय द्यायचं?

मागच्या बॅचमध्ये एका कोसा कापडवाल्या भाऊने मोबाइल पुढे धरला. न्यू जर्सीहून एका बाईंचा मेल होता. पन्नास स्टोल हव्यात, तर ‘बॉलपार्क फिगर’ कळवा. भाऊ म्हणाला, “सर, ही मॅडम बॉलपार्क काहून मागून राहिली? आपण तर कपडा विकतो.” वर्ग हसला, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. त्या एका शब्दाचं उत्तर कसं जातं, त्यावर पन्नास स्टोलचा भाव ठरणार होता.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा, नेमका नाही, पण मैदानाच्या बाहेरही नाही. आपण म्हणतो ना, “साधारण सांगा हो, घासाघीस मग करू.” तेच. इथे लोक दोन प्रकारे फसतात. काही जण घाईने एकच आकडा टाकून देतात आणि समोरचा तोच पक्का भाव धरून चालतो. मग सूत महागलं, कुरिअर वाढलं, तरी बोलायला तोंड राहत नाही. काही जण पूर्ण हिशोब बसवायला चार दिवस घेतात. तोवर बाई दुसरीकडून अंदाज घेऊन मोकळ्या. उत्तर त्याच दिवशी द्या, पण पट्टा द्या आणि पक्का भाव वेगळा ठेवा: “बॉलपार्क, फोर्टी टू फोर्टी-फाइव्ह डॉलर्स अ पीस. आय विल सेंड अ फर्म कोट बाय थर्सडे.” (आकडे उदाहरणाचे आहेत, भाव तुमचा तुम्ही लावा.) यातला ‘फर्म कोट’ हा शब्द पाठ करा. बॉलपार्क आणि फर्म कोट यांच्यात जे अंतर आहे, तो तुमचा नफा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकन लोक धंद्यात खेळ का आणतात? मित्रांनो, आपण काय कमी आणतो? निवडणुकीत उमेदवार शड्डू ठोकतो, विरोधक चितपट होतो, भागीदार रडीचा डाव खेळतो, कामात कोणीतरी खो घालतो. कुस्ती आणि खो-खो कधीही न खेळलेला माणूसही हे बोलतो. अमेरिकन माणसाच्या तोंडात तसाच बेसबॉल बसलेला आहे. खेळ समजला की अर्धे शब्द आपोआप सुटतात, म्हणून दोन मिनिटं खेळ पाहू.

विटीदांडू आणि क्रिकेट यांच्या मधलं काहीतरी समजा. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर. दुसरा दांडूने मारतो, तो बॅटर. मारल्यावर चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या ठाण्यांवरून पळत परत घरच्या ठाण्यावर यायचं. प्रत्येक ठाणं म्हणजे बेस, आणि पळताना त्याला स्पर्श करावाच लागतो. म्हणून ‘लेट्स टच बेस ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी थोडक्यात बोलून घेऊ. पाच मिनिटांचा फोन, दोन तासांची मीटिंग नाही. मात्र त्यांचा सोमवार सकाळ म्हणजे आपली सोमवार संध्याकाळ. न्यू यॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. दुकान बंद करायच्या वेळी फोन चार्ज ठेवा.

‘कर्व्हबॉल’ म्हणजे हवेतच वळणारा चेंडू, आपली गुगली. ऐनवेळी ग्राहकाने रंग बदलायला सांगितला तर तो कर्व्हबॉल. ‘होम रन’ म्हणजे आपला सिक्सर. पण त्यांच्याशी बोलताना सिक्सर, गुगली, क्लीन बोल्ड वापरू नका. विदर्भाने तीनदा रणजी जिंकली याचा आपल्याला कितीही अभिमान असला, तरी ओहायोतल्या दुकानदाराला त्यातलं काही कळणार नाही. आणि इंग्लंडच्या माणसाशी तर जास्तच जपून, कारण तिथे ‘नॉक्ड फॉर सिक्स’ म्हणजे माणूस पार हादरला, कोलमडला. आपला षटकार तिथे रडवतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द मला विचाराल तर ‘रेन चेक’. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसबॉलचा सामना पावसाने धुतला तर प्रेक्षकाला तिकिटाच्या तुकड्यावर पुढचा सामना बघायला मिळायचा. तो तुकडा म्हणजे रेन चेक. आज कोणी ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणालं, तर अर्थ ‘आत्ता नको, पुढे बघू’. हा गोड नकार आहे. आपल्याकडचा माणूस ‘चेक’ ऐकतो आणि त्याला वाटतं पेमेंट येतंय! किंवा ‘पुढे घेणार’ असं धरून माल भरून ठेवतो. कोसाचं सूत उधारीवर आणून ठेवलं आणि ऑर्डर आलीच नाही, तर व्याज कोण भरणार? रेन चेक आला की माल भरायचा नाही. महिन्याभराने एक नम्र मेल टाकायचा, बस.

याच शब्दाचा दुसरा अर्थ मात्र आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत सेलमधला माल संपला तर दुकानदार ग्राहकाला चिठ्ठी देतो की माल आल्यावर याच भावात मिळेल. तीही रेन चेक. दिवाळीच्या ऑफरमध्ये पितळी समई संपली तर ग्राहकाला हात हलवत पाठवू नका, तारीख टाकून चिठ्ठी द्या. मी माझ्या दुकानात देतो, छापील वगैरे नाही, बिलबुकाच्या मागच्या पानावर.

अमेरिकन फुटबॉल हा वेगळाच खेळ, पायापेक्षा हातानेच जास्त. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या की बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, याला ‘पंट’ म्हणतात. म्हणून मीटिंगमध्ये ‘लेट्स पंट ऑन धिस’ म्हणजे हे आत्ता सोडा, पुढे ढकला. आता गंमत बघा. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ पंट’ म्हणजे जुगार लावणे, आपला सट्ट्यातला पंटर तिकडूनच आला. म्हणजे अमेरिकन माणूस ‘थांबा’ म्हणतोय आणि आपल्या कानाला ‘लावा पैसे’ ऐकू येतंय. मिहानमध्ये अमेरिकन क्लायंटचं काम करणाऱ्या पोरांनी हा शब्द वहीत लाल पेनाने लिहावा.

‘हेल मेरी’ ही खरं तर मेरी मातेची प्रार्थना. 28 डिसेंबर 1975 रोजी डॅलस काउबॉइजच्या रॉजर स्टॉबॅकने शेवटच्या मिनिटात देवाचं नाव घेऊन लांब पास फेकला, सामना जिंकला, आणि हा शब्द घराघरात गेला. तुमच्या योजनेला कोणी हेल मेरी म्हणालं तर थँक्यू म्हणू नका. ‘देवाच्या भरवशावर आहे’ असं तो सांगतोय.

बास्केटबॉलचा ‘स्लॅम डंक’ म्हणजे हमखास जमणारं काम. हा तुम्ही स्वतः वापरू नका. इराककडे घातक शस्त्रं असल्याचा पुरावा स्लॅम डंक आहे, असं सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बोलल्याचं 2004 मध्ये जगभर छापून आलं. शस्त्रं काही सापडली नाहीत.

त्या कोसावाल्या भाऊने पट्टा लिहून पाठवला, खाली फर्म कोटची तारीख टाकली. बाईंचं उत्तर आलं: “ग्रेट, वुई आर इन द सेम बॉलपार्क.” म्हणजे भाव त्यांच्या अंदाजात बसतोय. ऑर्डर अजून पक्की नाही, नमुना मागितलाय. नमुन्याचं कुरिअर कोणाच्या खर्चाने, यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.