कूपनाशिवाय मिळणारा मासळीचा पाव

1947 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे स्वातंत्र्य आणि फाळणी एकाच वेळी घराघरात शिरत होती. त्याच आठवड्यात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराबाहेर, लाटझेन गावाजवळ, एका जुन्या कारखान्याच्या फाटकाशी लोकांची रीघ लागली होती. युद्धाच्या काळात या कारखान्यात विमानांसाठी हलका धातू घडवला जाई. आता त्याच्या दालनांत यंत्रे, भांडी, कापड, घड्याळे असा माल मांडून ठेवला होता. जर्मन माणसाला तो फक्त पाहता येत होता, कारण सगळा माल परदेशी गिऱ्हाइकांसाठी होता. मग गावकरी कशाला येत होते? तर आवारात मासळी घातलेला पाव मिळत होता, आणि त्यासाठी रेशनचे कूपन द्यावे लागत नव्हते. लोकांनी त्या प्रदर्शनाचे नावच ‘मासळी-पावाचा मेळा’ ठेवले. आजही जुने हॅनोव्हरकर ते याच नावाने ओळखतात.

हा मेळा भरवणारी कंपनी 16 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे मेळा सुरू होण्याच्या अवघे दोन दिवस आधी, कागदोपत्री स्थापन झाली. आज ती ‘डॉइचे मेसे’ या नावाने जगातल्या मोठ्या प्रदर्शन कंपन्यांत गणली जाते. तिची जवळजवळ सगळी मालकी लोअर सॅक्सनी राज्य आणि हॅनोव्हर शहर यांच्याकडे निम्मी-निम्मी आहे. पण तिचा जन्म कोणा व्यापाऱ्याच्या हौसेतून झालेला नाही. तो हुकूम होता, आणि हुकूम देणारे होते ब्रिटिश लष्करी अधिकारी.

त्यामागचे कारण पोटाचे होते. युद्ध हरलेल्या जर्मनीचे चार तुकडे झाले होते. ब्रिटन आणि अमेरिकेने आपापले भाग 1 जानेवारी 1947 पासून एकत्र केले. तिथल्या लोकांना जगवण्यासाठी धान्य बाहेरून आणावे लागे आणि त्याचे पैसे जिंकलेल्या देशांच्या तिजोरीतून जात. ब्रिटनची स्वतःची अवस्था अशी, की युद्धात कधी नव्हते ते पावाचे रेशनिंग तिथे 1946 मध्ये सुरू करावे लागले होते. कालच्या शत्रूला आपल्या ताटातले किती दिवस वाढायचे? तेव्हा जर्मनांनी माल विकून डॉलर कमवावेत आणि धान्याचे पैसे स्वतः द्यावेत, असे ठरले.

माल विकायला बाजार लागतो. जर्मनीचा सर्वांत नावाजलेला बाजार होता लाइपझिग. सम्राट मॅक्सिमिलियनने 1497 मध्ये त्या शहराला मेळ्याचे खास हक्क दिले होते. पूर्वी तिथे व्यापारी गाड्या भरून माल आणत. रेल्वे आणि कारखाने आले तसे सगळा माल वाहून आणण्याचे कारण उरले नाही. 1895 पासून लाइपझिगने नमुन्यांचा मेळा भरवायला सुरुवात केली: नमुना पाहा, मागणी नोंदवा, माल मागाहून येईल. आजच्या व्यापारी प्रदर्शनांचे मूळ या साध्या सोयीत आहे. अशा सौद्याला भरवसा लागतो, हे वेगळे सांगायला नको. पण लाइपझिग आता रशियनांच्या ताब्यात होते. पश्चिमेकडच्या भागाला स्वतःचा मेळा हवा होता.

जाता जाता एक गंमत. ‘मेसे’ या जर्मन शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक चर्चमधली प्रार्थना आणि दुसरा मेळा. प्रार्थनेला लोक जमत, ती संपली की बाहेर दुकाने लागत. दर्ग्याच्या उरुसात बांगड्यांपासून लोखंडी तव्यापर्यंत सगळे विकत घेतलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

मेळा 21 दिवस चालला. 1298 उत्पादकांनी माल मांडला, सुमारे 7 लाख 36 हजार माणसे येऊन गेली आणि 1934 निर्यात करार झाले. त्यांची किंमत 3 कोटी 16 लाख डॉलर भरली. जर्मन चलनाची त्या वेळी काय किंमत होती ते पाहा: काळ्या बाजारात सिगारेट हेच नाणे झाले होते आणि चलन बदलायला अजून दहा महिने होते. अशा वेळी हे डॉलर म्हणजे केवढी मोठी गोष्ट! एकदाच भरवायचा म्हणून योजलेला मेळा मग दर वर्षी भरू लागला.

मला मात्र या इतिहासात सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो खाटांचा प्रश्न. 1943 च्या 8 ऑक्टोबरच्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचा मध्यभाग जळून गेला होता. हॉटेले जवळपास उरलीच नव्हती. परदेशी पाहुणे झोपणार कुठे? मेळ्याच्या लोकांनी घरोघरी खोल्या शोधल्या. ज्यांच्याकडे जेमतेम दोन खोल्या शाबूत होत्या त्यांनीही एक पाहुण्याला दिली. तेवढ्या दिवसांपुरते घरचे लोक स्वयंपाकघरात किंवा तळघरात सरकले. यातून हॅनोव्हरमध्ये एक नवी जमातच तयार झाली. तिला ‘मेसे-मुट्टी’ म्हणत, म्हणजे मेळ्याची आई. पाहुण्याला पहाटे उठवणे, नाश्ता देणे, ट्राम कुठून पकडायची ते सांगणे, रात्री उशिरा आलेल्यासाठी दार उघडणे, हे सगळे तिच्याकडे. घरभाड्याचे पैसे मिळत, ते हवेच होते. पण काही पाहुणे हॉटेले झाल्यावरही वर्षानुवर्षे त्याच घरी उतरत राहिले. ही पद्धत पुढे कित्येक दशके चालली. कंपनीच्या ताळेबंदात या बायांचा रकाना नसेल, तरी त्यांच्याशिवाय पहिले मेळे उभे राहिले नसते, असे मला वाटते.

प्रदर्शन कंपनी स्वतः काही बनवत नाही. ती चौरस मीटरने जागा भाड्याने देते आणि त्या जागेपाशी वीज, पाणी, दाबाची हवा, टेलिफोन, पहारा, सफाई पोचवते. आठवड्याभरात गाव वसवायचे आणि मोडायचे, असा हा धंदा.

1970 मध्ये हॅनोव्हरने हिशेबाची यंत्रे आणि संगणक यांच्यासाठी वेगळे अवाढव्य दालन बांधले. त्या विभागाला ‘सेबिट’ म्हणू लागले. संगणकवाले इतके वाढले, की 1986 मध्ये सेबिटचा स्वतंत्र मेळा मार्चमध्ये भरू लागला. 2001 मध्ये तिथे आठ लाखांहून जास्त लोक आले. पुढे उतरण लागली. नवा फोन किंवा नवे यंत्र दाखवायला मोठ्या कंपन्या स्वतःचेच सोहळे करू लागल्या, आणि बाकीची माहिती घरबसल्या मिळू लागली. 2018 मध्ये कंपनीने सेबिट जूनमध्ये नेऊन आकाशपाळणा उभारला, संगीताचे कार्यक्रम ठेवले. माणसे आली जेमतेम सव्वा लाखाच्या घरात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेबिट बंद केल्याचे जाहीर झाले. सौद्यासाठी येणाऱ्या माणसाला आकाशपाळण्याने कसे अडवणार?

यंत्रसामग्रीचा मूळ मेळा मात्र टिकला. अवजड यंत्र फोटोत कळत नाही. त्याचा आवाज ऐकावा लागतो, चालवणाऱ्याला चार प्रश्न विचारावे लागतात. भारत 2006 आणि 2015 मध्ये या मेळ्याचा भागीदार देश होता. 2015 चे उद्घाटन पंतप्रधान मोदी आणि चान्सलर मर्केल यांनी मिळून केले. पुण्या-चाकणच्या कारखानदारांना हॅनोव्हरचा एप्रिल चांगलाच परिचयाचा आहे.

2020 मध्ये कोरोनामुळे मेळा रद्द झाला. 73 वर्षांत असे पहिल्यांदाच घडले. जागेच्या भाड्यावर जगणाऱ्या कंपनीची जागा ओस पडली.

या दालनांचा आणखी एक उपयोग झाला, त्याची नोंद व्यापारी अहवालांत फारशी सापडत नाही. 2015 मध्ये सीरिया आणि इतर देशांतून लाखो निर्वासित जर्मनीत आले, तेव्हा हॅनोव्हरच्या मेळ्याची दालने त्यांना राहायला देण्यात आली. 2022 मध्ये युक्रेनहून आलेल्या आया आणि मुले तिथेच उतरली. एरवी जिथे यंत्रे मांडतात तिथे खाटांच्या रांगा लागल्या, मुलांसाठी खेळायचा कोपरा झाला आणि जेवणाची मोठी टेबले मांडली गेली. घर गमावलेल्या शहराने एकेकाळी पाहुण्यांसाठी खाटा शोधल्या होत्या. आता त्याच मेळ्याच्या छपराखाली घर गमावलेले लोक झोपत होते.