गरम भांड्याचं फडकं : आत काय भरायचं?



तवा, कढई उचलायला आपण जे जाड फडकं घेतो, कुणी त्याला मसोतंही म्हणतं, त्याबद्दल आज बोलू. बरेच बचत गट आता तेच चौकोनी, रंगीत, अडकवायला नाडी लावून शिवतात आणि विकतात. आमच्या गटानंही शिवलं आणि पहिल्याच खेपेला चुकलो.

वरचं कापड सुती होतं, रंगसंगती छान होती. आत मात्र उशीत भरतात तो पांढरा फायबर घातला होता. स्वस्त आणि फुगीर, म्हणून घेतला. एका ताईंनी त्या फडक्यानं भाकरीचा तापलेला तवा उचलला. फायबर आतल्या आत वितळला आणि बोटाला फोड आला. आम्ही विकलेली सगळी फडकी परत घेतली, पैसे परत केले आणि मग नीट शिकायला बसलो.

हात भाजू नये हे काम कापडापेक्षा त्यात अडकलेली हवा करते. भरण जितकी हवा धरून ठेवेल, तितकी उष्णता हाताकडे हळू येते. फायबर फुगीर दिसतो, पण मुठीत दाबला की चपटा होतो आणि हवा निघून जाते. शिवाय तो पॉलिस्टरचा असतो आणि पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं. मोठ्या आचेवरचा रिकामा लोखंडी तवा याहून जास्त तापू शकतो. सूत वितळत नाही, फार तापलं तर करपतं. लोकरही वितळत नाही आणि सहज पेटत नाही. म्हणून भरण सुती किंवा लोकरीचंच हवं. स्पंज नको, प्लॅस्टिकची पोती नकोत.

घरात काय सापडेल? जुना सुती टॉवेल सगळ्यात सोयीचा, त्याचे दोन-तीन थर घ्या. जुन्या घोंगडीचा तुकडा असेल तर फारच छान. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून आधी धुऊन वाळवा. जुन्या सुती लुगड्याचे मात्र 10-12 थर लागतील. सगळं कापड आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून फडकं वाकडं होतं.

कापड सुतीच आहे का, याची शंका असेल तर दोन-चार धागे काढा. पदर खोचून घ्या, जवळ पाणी ठेवा आणि धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, तेही नको. शिवायचा दोराही सुतीच घ्या.

आता शिवण. गोधडीचा धावदोरा आपल्या हातात बसलेला आहेच. पण गोधडी अंगावर घ्यायची असते, हे हातात धरायचं. टाके फार जवळ घातले तर भरण दबतं आणि हवा कमी होते. फार लांब घातले तर धुतल्यावर थर सरकतात. टॉवेल किंवा घोंगडी असेल तर दीड-दोन इंचांवर एक ओळ पुरते. सुटा कापूस भरला तर गोळा होतो, म्हणून एक-एक इंचाच्या चौकटी घाला. शिवण मधून सुरू करून कडेला न्या, म्हणजे चुण्या पडत नाहीत. मशीनवर 16 किंवा 18 नंबरची सुई लावा आणि टीप लांब ठेवा. 7-8 इंचांचा चौकोन हाताला बरोबर बसतो. कडेला तिरपी पट्टी लावा.

विकण्याआधी प्रत्येक खेपेतलं एक फडकं तपासा. ओट्यावर फडकं ठेवून त्यावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा. एका मिनिटानं पातेलं उचला आणि फडक्याची खालची बाजू चाचपा. कोमट लागली तर ठीक. चटका लागला तर एक थर वाढवा.

आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट नक्की सांगा : ओल्या फडक्यानं गरम भांडं धरू नका. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा 20 पटींहून जास्त सहज जाते, त्यामुळे ओलं फडकं कितीही जाड असलं तरी हात भाजतो. चटका बसलाच तर भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं गार पाणी सोडा. तूप नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको.

ज्या ताईंना चटका बसला होता, त्यांना आम्ही टॉवेल भरलेलं नवं फडकं नेऊन दिलं. पुढच्या महिन्यात त्यांनीच आणखी चार मागवली. मैत्रिणींनो, वरची नक्षी बघून गिऱ्हाईक एकदा येतं, पुन्हा येतं ते आतल्या भरणामुळे.