ग्रेड आणि स्टेज एक नव्हे : न्यूरोएंडोक्राइन गाठीचा रिपोर्ट समजून घेऊ

मागच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एक ताई मिस्टरांचा बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आल्या. लहान आतड्यात गाठ निघाली होती. रिपोर्टवर छापले होते : 'वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड २, केआय-६७ : ६ टक्के'. मुलगा म्हणत होता, 'न्यूरो' आहे म्हणजे आजार मेंदूचा, मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ. शेजारी म्हणत होते, ग्रेड २ म्हणजे कॅन्सरची दुसरी स्टेज. दोघांचाही समज चुकीचा होता, पण चूक त्यांची नाही. रिपोर्ट हातात मिळतो, अर्थ कोणी सांगत नाही. तो अर्थ या वेळी आपण समजून घेऊ.

'न्यूरो' म्हणजे मेंदू नव्हे

आपल्या शरीरात काही पेशी अशा आहेत की त्यांना मज्जातंतूंकडून निरोप मिळतो आणि त्या रक्तात हार्मोन सोडतात. मज्जातंतूंचा आणि हार्मोनचा असा दुहेरी संबंध असल्यामुळे त्यांना न्यूरोएंडोक्राइन पेशी म्हणतात. जठर, आतडी, स्वादुपिंड, फुप्फुसे अशा अनेक ठिकाणी त्या विखुरलेल्या असतात. त्यांची गाठ झाली की हा आजार होतो. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला हाच आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. 'न्यूरो' म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे, हे त्यांनाही लोकांना सांगावे लागले होते.

या गाठींचे प्रकार पाडण्याचा खटाटोप जुना आहे. १९०७ साली जर्मनीतील डॉक्टर ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यातील अशा लहान गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे कॅन्सरसारखी दिसणारी, असे नाव दिले. त्या निरुपद्रवी आहेत असे त्यांना वाटले होते. १९२९ साली त्यांनीच आपले मत सुधारले : यातल्या काही पसरतातही. म्हणून 'साधी गाठ आहे' म्हणून सोडून देणे बरोबर नाही, आणि 'कॅन्सर आहे, आता संपले' म्हणणेही बरोबर नाही. गाठ कोणत्या प्रकारची, यावर सगळे ठरते.

पेशी दिसतात कशा?

सूक्ष्मदर्शकाखाली गाठीतल्या पेशी मूळ पेशींसारख्या दिसत असतील तर तिला 'वेल डिफरन्शिएटेड' म्हणतात. ही न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. बहुतेक वेळा सावकाश वाढणारी. पेशींनी मूळ रूपच सोडले असेल तर 'पूअरली डिफरन्शिएटेड'. तिचे नाव न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. ती झपाट्याने वाढते आणि तिच्यावर लवकर, बहुधा केमोथेरपीने, उपचार सुरू करावे लागतात. नावात एका शब्दाचा फरक आहे, पण उपचारांची दिशा बदलते.

ग्रेड : वाढीचा वेग

केआय-६७ हे वाढत्या, विभागणाऱ्या पेशींत आढळणारे प्रथिन आहे. तपासणारे डॉक्टर गाठीचा तुकडा विशिष्ट पद्धतीने रंगवतात आणि किमान ५०० पेशींमध्ये किती रंगल्या ते मोजतात. पोटातील गाठींसाठी हिशेब असा :

- ३ टक्क्यांपेक्षा कमी : ग्रेड १
- ३ ते २० टक्के : ग्रेड २
- २० टक्क्यांच्या वर : ग्रेड ३

सोबत प्रत्यक्ष विभागताना दिसणाऱ्या पेशीही मोजतात. दोन्ही हिशेब वेगळे आले तर वरचा ग्रेड धरतात. पूर्वी २० टक्क्यांच्या वरच्या सगळ्या गाठी कार्सिनोमात टाकत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली स्वादुपिंडाच्या आणि २०१९ साली संपूर्ण पचनसंस्थेच्या गाठींबाबत हे बदलले. पेशी मूळ रूपात असतील तर ती ग्रेड ३ ची ट्यूमर, कार्सिनोमा नव्हे. त्यामुळे जुना रिपोर्ट असेल तर तो पुन्हा तपासून घ्यावा. फुप्फुसातील गाठींना मात्र 'टिपिकल' आणि 'अटिपिकल कार्सिनॉइड' ही नावे आजही आहेत.

स्टेज : पसरण्याचा पल्ला

ग्रेड सांगतो गाठ किती वेगाने वाढते. स्टेज सांगते ती कुठवर पोहोचली. स्टेज स्कॅन आणि शस्त्रक्रियेनंतर ठरते, एकट्या बायोप्सीवरून नाही. गाठ ग्रेड १ ची असूनही यकृतात पसरलेली, म्हणजे चौथ्या स्टेजची असू शकते. आणि तरीही वेग कमी असल्यामुळे असे रुग्ण उपचारांवर अनेक वर्षे जगतात. म्हणून नुसता 'चौथी स्टेज' शब्द ऐकून उपचार सोडू नका.

गाठ हार्मोन सोडते का?

काही गाठी जादा हार्मोन सोडतात. आतड्याची गाठ यकृतात पसरली की चेहरा एकाएकी लाल होऊन तापणे आणि सततचे जुलाब अशी लक्षणे दिसू शकतात. स्वादुपिंडातील इन्सुलिनोमामुळे उपाशीपोटी साखर उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, बेशुद्धी येते. साखरपाणी दिले की माणूस सावरतो. अशा वेळी 'बाहेरचे झाले' म्हणून धागेदोरे, उतारे यांत महिने जातात. झटका आला की त्याच वेळी रक्तातील साखर तपासा. इन्सुलिनोमाच्या बहुतेक गाठी शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. गाठ मूळ कोणत्या अवयवाची?
२. ट्यूमर की कार्सिनोमा?
३. ग्रेड किती, केआय-६७ किती?
४. स्टेज कोणती, कुठे पसरली आहे का?
५. गाठ हार्मोन सोडते का?

रिपोर्टाबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या व जपून ठेवा. टाटासारख्या मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि आपल्या उपचारांपैकी काय बसते ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

ताईंनी हे पाच प्रश्न फाईलच्या पाठीमागे लिहून घेतले. मेंदूच्या डॉक्टरची वेळ रद्द केली आणि स्कॅनची तारीख घेतली.