सोळाच्या अलीकडचा हिशेब

एप्रिल २००९ ते मार्च २०१० या एका वर्षात लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे १,८९२ अशा घटनांची नोंद होती, ज्यांत मार, धमकी किंवा मोडतोड सोसणारे आईबाप होते आणि संशयित त्यांचीच १३ ते १९ वयाची मुलं. दफ्तरात या गुन्ह्याला वेगळा रकाना नव्हता. ऑक्सफर्डच्या रेचेल काँड्री आणि कॅरोलाइन माइल्स यांनी संशयिताचं वय आणि पीडिताशी असलेलं नातं ताडून या घटना वेगळ्या काढल्या. ८७ टक्के संशयित मुलगे, ७७.५ टक्के पीडित स्त्रिया. थोडक्यात, बहुतेक वेळा मुलगा आणि आई.

हे आधी कुणाला का दिसलं नाही? ब्रिटनच्या गृहखात्याच्या लेखी तेव्हा घरगुती हिंसा १८ वर्षं पूर्ण झालेल्यांमध्येच होत असे! मार्च २०१३ मध्ये ही रेघ १६ वर आली. २०१५ मध्ये गृहखात्याने मुलांकडून आईबापांवर होणाऱ्या हिंसेवर मार्गदर्शिका काढली, आणि त्याच वर्षीपासून घरगुती छळाच्या गुन्ह्यांवर पोलीस तशी खूण करू लागले. २०२१ च्या कायद्यानेही १६ चीच अट ठेवली.

समजा, पंधरा वर्षांच्या पोराने आईला भिंतीवर ढकललं. इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून गुन्ह्याची जबाबदारी येते, त्यामुळे मारहाणीची नोंद होईल. पण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो घरगुती छळ नव्हे. वाढदिवस उलटला की तेच ढकलणं दुसऱ्या खात्यात जमा. शिवाय पोराच्या नावावर पोलिसांत नोंद नको म्हणून फोनच न करणाऱ्या आया कुठल्याच खात्यात येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे सर्वेक्षण लोकांना थेट विचारतं खरं, पण तिथल्या मुख्य आकड्यांत जोडीदार सोडून बाकीचे नातलग एकाच गटात. लेक, भाऊ, सासरा सगळे एकत्र.

टाळेबंदीत, २०२० मध्ये, काँड्री आणि माइल्स यांनी सहकाऱ्यांसह थेट पालकांना विचारलं. हिंसा वाढली असं ७० टक्क्यांनी सांगितलं. पाहणी लहान होती, उत्तरं स्वतःहून पुढे आलेल्यांची. तरी पोलिसांच्या आकड्यांपेक्षा घराच्या जवळची.

आपल्याकडे २०१६ मध्ये मुंबईतल्या एका मायलेकींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरगुती हिंसाचार कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. घरातली सोळा-सतरा वर्षांची व्यक्तीही अशा छळाला हातभार लावू शकतो, हे निकालात नमूद आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात मात्र विधिसंघर्षग्रस्त मुलं आईवडिलांकडे राहतात की पालनकर्त्यांकडे, याचा तक्ता असतो. मार त्या आईवडिलांनाच बसला का, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.