दुसऱ्याच्या कोटातला खुनी

तो आरशासमोर उभा आहे. अंगात मित्राचा सूट, पायात मित्राचे बूट, भांगसुद्धा मित्रासारखा. मग तो मित्राच्या आवाजात बोलायला लागतो आणि मित्राची मैत्रीण समोर आहे असं समजून हवेतच तिचा गळा आवळतो. तेवढ्यात दारात साक्षात मित्र उभा!

२०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'रिप्ली' पाहिली असेल तर हा टॉम तुमच्या ओळखीचा आहे. सिरीज नसेल पाहिली, तर १९९९ चा मॅट डेमनचा सिनेमा कुणीतरी सुचवलाच असेल. या सगळ्याच्या मुळाशी आहे पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' ही १९५५ ची कादंबरी. (पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. पुस्तकाला सत्तर वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे माफी वगैरे नाही.)

ज्यांनी आजोबांच्या कपाटातल्या अर्नाळकरांच्या रहस्यकथा किंवा अगाथा ख्रिस्ती वाचलीय, त्यांना 'खून कुणी केला?' या प्रश्नाची सवय असते. इथे तो प्रश्नच नाही. खुनी पहिल्या पानापासून आपल्या शेजारी बसलाय. प्रश्न आहे, हा असा का?

पैशांसाठी, हे उत्तर अर्धंच. टॉम अनाथ, बॉस्टनच्या मावशीकडे टोमणे खात वाढलेला. तू मर्द नाहीस, बायकी आहेस, हे तिने त्याला ऐकवलेलं. डिकी मात्र श्रीमंत, देखणा, इटलीत मजेत राहणारा. टॉमला डिकी नुसता आवडत नाही, त्याला डिकी व्हायचंय. इथे फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ कामाला येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सहा ते अठरा महिन्यांचं बाळ आरशात स्वतःला बघून हरखतं, कारण आरशातलं ते ध्यान अखंड, नेटकं दिसतं. प्रत्यक्षात बाळाला धड उभंही राहता येत नसतं. म्हणजे 'मी' ही आपली पहिली ओळखच बाहेरून, एका प्रतिमेकडून उसनी घेतलेली. आणि गोची अशी की, जिच्यावर आपण भाळतो तीच प्रतिमा आपल्याला खुपतेही, कारण ती आपल्यापेक्षा कायम सरस असते. प्रेम आणि आक्रमकता एकाच जागी जन्माला येतात.

आता सान रेमोची ती होडी आठवा. डिकी दूर सरकू लागलाय, टॉमला टाळू लागलाय. आरसा पाठ फिरवतो तेव्हा टॉम वल्हं उचलतो. त्या चौकटीत दोघांना जागा नाही.

हायस्मिथला हे शास्त्र ऐकीव नव्हतं. मानसिक विकारांवरचं कार्ल मेनिंजर यांचं 'द ह्यूमन माइंड' हे जाडजूड पुस्तक तिने शाळकरी वयात वाचलं होतं. पुढे १९४८ मध्ये ती स्वतः मनोविश्लेषणासाठी जाऊ लागली, तीही 'लग्नाला लायक' व्हावं म्हणून, कारण तिला स्त्रिया आवडत. फी भागवायला तिने न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात खेळणी विकली. काही महिन्यांत तिने ते सगळं सोडून दिलं. टॉमला ती कधीच कोचावर झोपवत नाही, त्याचं 'निदान' करत नाही, यामागे हा अनुभव असावा असं मला वाटतं.

हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) नेमकं उलटं होतं. शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि सगळं नीट उलगडून सांगतो: आईचा जाच, आईचा मत्सर, आईनेच व्यापलेलं नॉर्मनचं मन. प्रेक्षक हुश्श करतात. मला ते भाषण दरवेळी खटकतं. मेली कोण? बाई. आणि दोष कुणाचा? तोही एका बाईचाच! टॉमच्या गोष्टीतही मावशी आहेच की. 'त्याचं बालपणच वाईट होतं हो' हे वाक्य आपण बातम्यांखालच्या चर्चेतही किती सहज बोलून जातो. कारण कळलं की जणू हिशेब मिटला.

म्हणूनच डोरोथी बी. ह्यूजेसची १९४७ ची 'इन अ लोनली प्लेस' जरूर वाचा. टॉमच्या आठ वर्षं आधीचा हा डिक्स स्टील. महायुद्धात तो वैमानिक होता. गणवेश होता तोवर पोरी मागे, मान होता. युद्ध संपलं, गणवेश उतरला आणि उरला काकाच्या मनीऑर्डरवर जगणारा एक बेकार तरुण. लॉस एंजेलिसमध्ये तो मेल नावाच्या ओळखीच्या माणसाच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याचे कपडे घालतो, त्याची गाडी फिरवतो. मेल म्हणे परदेशी गेलाय. रात्री डिक्स धुक्यात एकट्या बायकांच्या मागे जातो.

ह्यूजेस आपल्याला पूर्ण वेळ डिक्सच्या डोक्यात ठेवते, पण एकही खून पानावर दाखवत नाही. चवीने चघळायला काही नाही. आणखी एक: डिक्सचा जिवलग मित्र ब्रब पोलिसात आहे, तरी त्याला पत्ता लागत नाही. दोस्ताला तो अजूनही युद्धातला मर्द गडी म्हणूनच बघतो. डिक्सला ओळखते ती ब्रबची बायको सिल्व्हिया, जवळजवळ पहिल्या भेटीतच. मग लॉरेल, त्याची प्रेयसी. या दोघींमुळेच तो सापडतो. डिक्सला सिल्व्हियाची नजर सहन होत नाही, आणि ते साहजिकच आहे. त्याच्या रुबाबाचा आरसा व्हायला ती तयार नाही.

१९५० च्या सिनेमात डिक्स झालाय हम्फ्री बोगार्ट. इथे दिग्दर्शक निकोलस रेने कथाच फिरवली: सिनेमातल्या डिक्सने तो खून केलेलाच नाही. फक्त तो रागीट आहे, किरकोळ कारणावरून समोरच्याला अर्धमेला करतो, आणि लॉरेलला त्याची भीती वाटू लागलीय. शेवटी ती निघून जाणार हे कळताच तो तिचा गळा धरतो. तेवढ्यात फोन वाजतो. खरा खुनी सापडला, डिक्स निर्दोष आहे, हे पोलिसांना कळवायचंय. तो तिच्या हाती रिसीव्हर देतो आणि निघून जातो. ती त्याला थांबवत नाही.