एकच इंजिन, दोन टर्बो

टाटाच्या इंडिका विस्टा आणि मांझा या दोन डिझेल गाड्यांत एकच 1248 सीसीचं क्वाड्राजेट इंजिन होतं, रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात बनलेलं. तरी सुरुवातीच्या विस्टाची ताकद 75 पीएस आणि मांझाची 90. फरक मुख्यतः टर्बोचा. विस्टाला साधा टर्बो, तर मांझाला व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्या वळवून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूची वाट अरुंद-रुंद करणारा.

आता टॉर्क पाहा: 190 न्यूटन-मीटरचा 200 झाला, एवढंच. म्हणजे ओढ जेमतेम वाढली, ताकद मात्र 20 टक्क्यांनी. कारण मोठी भर पडली ती वरच्या आरपीएमला. तिथे साध्या टर्बोची हवा कमी पडू लागते, व्हीजीटी ती पुरवत राहतो. गाडी घेताना आपण फक्त पीएसचा आकडा विचारतो. तो कोणत्या आरपीएमला मिळतो, हे विचारायलाच हवं.

इंजिनात डिझेल जास्त ओतणं सोपं आहे, ते जाळायला हवा आणणं अवघड. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये त्यावरच्या युक्तीचं पेटंट घेतलं: वाया जाणाऱ्या गरम वायूने टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने ताजी हवा दाबून आत भरायची. कारमधला छोटा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. वातावरणापेक्षा वरचा जो दाब तो निर्माण करतो, तो बूस्ट.

अर्धा बार बूस्ट दिला की हवा दीडपट भरली, असं वाटतं. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. भंडाऱ्यातली मे महिन्याची 45 अंशांची हवा एवढी दाबली की ती साधारण 100 अंशांवर जाते आणि दीडपटीऐवजी जेमतेम 1.28 पट भरते. इंटरकूलरने तिला 60 अंशांवर आणलं, तर 1.43 पट. बूस्ट तोच, पण नुसत्या थंडाव्याने एवढा फरक पडतो. विदर्भात इंटरकूलरला टर्बोइतकाच मान द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

छोटा टर्बो चटकन फिरतो, पण वरच्या आरपीएमला गुदमरतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, मग भरभरून देतो. तुमसर किंवा पवनीच्या रस्त्यावर धानाने भरलेल्या ट्रकला ओलांडायचं, तर पिकअप हवा 1500 ते 2500 आरपीएमलाच. मोठा टर्बो तोवर जागा झालेला नसतो आणि समोरून एसटी आलेली असते. इथल्या वापराला लवकर जागा होणारा टर्बोच योग्य.

टर्बोने ताकद वाढते, हे टाटाच्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनातही दिसतं. टियागोत टर्बोविना 86 पीएस, टर्बोसह अल्ट्रोझ आयटर्बोत 110 होते, नेक्सॉनमध्ये 120. पण आकडे असे वाढतात म्हणून लॅपटॉप जोडून बूस्ट वाढवून घ्यावा, असं कुणी सुचवलं तर थांबा. पेट्रोल इंजिनात दाब आणि उष्णता वाढली की मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. डिझेलला जादा उष्णता आणि दाब सोसावा लागतो, हेड गॅस्केटही जाऊ शकतं. कंपनीने ठेवलेली राखीव ताकद ही चोरून ठेवलेली ताकद नव्हे. ती उन्हाळ्यासाठी, भरलेल्या गाडीसाठी, चढासाठी राखलेली असते.

नागपूरहून साकोलीपर्यंत गाडी ताणून आणली असेल, तर लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमधलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. आणि पिकअप अचानक गेला, काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर नवा टर्बो घेण्याआधी इंटरकूलरचा रबरी होज तपासून घ्या. बऱ्याचदा तोच फाटलेला किंवा क्लिपमधून निसटलेला असतो.